भिंतीवाचून दार

एकदा एक राज्य होते आणि त्या राज्यात सात तुरुंग होते. राज्याच्या मानाने हा आकडा जरा जास्तच, हे राजालाही कळत होते. पण वाडवडिलांनी बांधून ठेवलेले, पाडणार कसे? भिंती एवढ्या उंच, की कावळा एका दमात पलीकडे जात नसे. मध्ये एकदा टेकून घेई. किल्ल्या एवढ्या, की त्यांची मोजदाद करायची म्हणजे दोन बैलांची गाडी जुंपावी लागे. यातले निम्मे वजा केलेत तरी हरकत नाही. पुढच्या गोष्टीला त्याने बाध येत नाही.

सातही तुरुंगांवर मिळून एक मुख्य अधिकारी असे. त्याच्या पदाचे नाव इतके लांबलचक होते, की भालदाराने ते पुरते ललकारेपर्यंत अधिकारी दरबारातून निघून गेलेला असे. म्हणून सारे त्यांना नुसते 'थोरले साहेब' म्हणत. साहेब वयाने सत्तरीला टेकले होते, बांध्याने किरकोळ होते, आणि एकतीस वर्षे त्या पदावर होते. त्यांचा दरारा त्यांच्या आवाजात नव्हता, खोकल्यात होता. कोणत्याही दरवाजासमोर आले, की ते घसा साफ करीत, दोनदा खोकत, आणि पलीकडचा पहारेकरी धावत येऊन दार उघडी. एकतीस वर्षांत साहेबांनी दाराच्या कडीला बोट लावलेले कोणी पाहिले नव्हते.

साहेबांची मुदत संपायला सहा महिने उरले, तेव्हा राजाने त्यांच्या हाताखाली एक शिष्य पाठवला. पुढे तोच त्यांच्या जागी बसायचा होता. तिशीचा, तरतरीत, दंडनीती तोंडपाठ असलेला. तुरुंगातल्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी त्याचे नाव 'धाकले साहेब' ठेवून टाकले.

धाकले साहेब पहाटे उठत आणि कामाला लागत. एका तुरुंगातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. सायंकाळी गुरूंपुढे येऊन बसत. थोरले साहेब रोज एकच प्रश्न विचारीत :

"आज काय केलंस?"

"पश्चिमेच्या तटाला भेग होती, ती बुजवून घेतली. कुलपांना तेल घातलं. स्वयंपाकघरातली आमटी चाखली, फार पातळ होती, आचाऱ्याला समज दिली. रुग्णशाळेत वैद्य तीन दिवस आलेच नव्हते, त्यांना बोलावणं धाडलं. एका पहारेकऱ्यानं कैद्यावर हात उचलला होता, त्याला कामावरून दूर केलं."

"उत्तम," साहेब म्हणत. "आणि?"

"आणि शिरगणती केली. सारे जागच्या जागी."

"बरं. आणि?"

 पाच महिने शिष्य रोज त्या 'आणि'पाशी येऊन अडत होता. एकदा तो चिडून म्हणाला, "आबा, कोणी पळू नये ह्याहून मोठं काम तुरुंगाच्या अधिकाऱ्याचं असतं तरी काय?"

साहेब हसले. "माझ्या एकतीस वर्षांत पळाले किती, सांगू? तीन. एक भिंत चढून पलीकडे पडला, पाय मोडला, आणि त्यानंच पहारेकऱ्याला हाका मारल्या. दुसरा भाकरीच्या गाडीतून गेला आणि जेवायच्या वेळेला परत आला. बाहेर त्याला कोणी वाढेना. तिसरा पठ्ठ्या हुबेहूब माझ्यासारखा खोकला, आणि माझ्या शूर पहारेकऱ्यांनी मुजरा करून त्याला वेशीपर्यंत पोचवला. झाले तीन. आता मला सांग, ह्याच एकतीस वर्षांत दरवाजातून, मुदत संपवून, राजरोस किती गेले असतील?"

"हजारो."

"त्या तिघांसाठी आपण एवढ्या भिंती बांधल्या," साहेब म्हणाले. "ह्या हजारोंसाठी काय बांधलं?"

 आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःच ते बांधायला घेतले.

थोरल्या तुरुंगात गेनू नावाचा एक सुतार कैदी होता. ऐन ज्वानीत, भाऊबंदकीच्या भांडणात, रागाच्या भरात त्याने हातातला लाकूड तासायचा वाकस फेकला होता. समोरचा माणूस जन्माचा लंगडा झाला आणि गेनूला चौदा वर्षांची सजा लागली. घरी बायको होती आणि सगुणा नावाची मुलगी. बाप गेला तेव्हा ती तीन वर्षांची, उंबरठ्यावर बसून लाकडाच्या ढलप्यांशी खेळणारी. गेनूची मुदत भरायला आता एक महिना उरला होता.

साहेबांनी गेनूला बोलावले. "गेनू, एक दार कर. चौकट, उंबरठा, कडी, कोयंडा, सारं घरच्या दारासारखं. आणि पटांगणाच्या मधोमध उभं कर."

गेनूने मान खाली घालून विचारले, "आन् भिंत, साहेब?"

"भिंती आपल्याकडे पुष्कळ आहेत."

चार दिवसांत दार उभे राहिले. अलीकडे मोकळे पटांगण, पलीकडे मोकळे पटांगण, आणि मध्ये सागवानी दार. तुरुंगात हसण्याची साथ पसरली. हवालदार म्हणाला, "म्हाताऱ्याची मुदत भरली म्हणायची." आचाऱ्यांनी त्यावर ओली फडकी वाळत घातली. तुरुंगातली कोंबडी दारापर्यंत चालत आली, क्षणभर थबकली, आणि वळसा घालून निघून गेली. तिच्याही चालीत काही उपरोध होता असे पाहणारे सांगतात.

साहेबांनी नियम सांगितला. ज्यांची मुदत महिन्याच्या आत संपते, त्यांनी सकाळी जेवायला जाताना ह्या दारातून जायचे. वळसा घालायचा नाही. आणि त्यांच्यासाठी हे दार कोणी म्हणजे कोणी उघडायचे नाही. त्या महिन्यात असा एकच कैदी होता.

पहिल्या दिवशी गेनू थाळी घेऊन आला. स्वतःच्या हातांनी केलेल्या दारासमोर आला आणि थांबला. दारापासून एक हात दूर, टाचा जुळवलेल्या, नजर जमिनीवर. तुरुंगात दारासमोर असेच उभे राहायचे असते. पहारेकरी येतो, कडी काढतो, नाव पुकारतो, मग पाऊल उचलायचे. चौदा वर्षे, दिवसातून दहा वेळा, गेनू असाच उभा राहिला होता. आजही राहिला.

पलीकडे पंगत बसली, उठली. आमटी निवली. गेनू उभाच.

पटांगणाच्या कडेला गुरुशिष्य बसले होते. शिष्याला राहवेना. "अरे, कडी तर नुसती अडकवलेली आहे! त्यानंच बसवली आहे!" असे म्हणत तो तरातरा निघाला. दाराजवळ पोचतो न पोचतो, तोच म्हाताऱ्याने मागून येऊन त्याचे मनगट धरले. त्या किरकोळ हातात एवढा जोर असेल असे शिष्याला वाटले नव्हते.

"हात मागे," साहेब म्हणाले.

"आबा, तो उपाशी आहे!"

"हात मागे बांध. आणि इथेच उभा राहा. हलू नकोस."

शिष्याने हात मागे बांधले. तिघेही त्या दारापाशी उभे राहिले. माध्यान्हीची घंटा झाली, तेव्हा थोरले साहेब स्वतः वळसा घालून गेले, गेनूची थाळी भरून आणली आणि अलीकडेच, दारासमोर, त्याच्या शेजारी मांडी घालून बसले. "जेव बाबा. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी शिष्याचा संयम सुटला.

"हा छळ आहे," तो म्हणाला.  "राजाच्या दंडसंहितेत अशी शिक्षा नाही. आपण गुरू आहात म्हणून मी गप्प होतो. पण तुमच्यानंतर ह्या खुर्चीवर मी बसणार आहे, आणि त्या दिवशी पहिलं काम करीन ते हे दार चुलीत घालण्याचं!"

हवालदाराने कानात बोटे घातली, पण ऐकू येईल इतपत सैल. साहेबांना मात्र राग आला नाही. त्यांनी शिष्याला जवळ बसवले.

"तुला एका माणसाची गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं तो ह्याच भिंतींच्या आत होता. एके दिवशी घरी गेला. चार कोसांची वाट, सकाळी निघाला, भरदुपारी पोचला. घराचं दार लावलेलं होतं. कुलूप नव्हतं, आतून कडी नव्हती, नुसतं लोटलेलं. तो अंगणात उभा राहिला. कोणीतरी येईल आणि दार उघडेल म्हणून वाट पाहत राहिला. सावल्या लांबल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, आत का जात नाही?  दिवस कलला, तसा तो वळला, चार कोस चालत परत आला, आणि तुरुंगाच्या दारात येऊन उभा राहिला. पहारेकऱ्यानं दार उघडलं. तो आत आला. त्याला बरं वाटलं."

 शिष्याने विचारले, "त्याचं नाव काय? कोणत्या बराकीत होता?"

"नोंदवहीत सापडायचा नाही," साहेब म्हणाले. "नाव राहू दे. हे बघ, राजानं गेनूला शिक्षा दिली ती पायांना. चौदा वर्षं ह्या भिंतीबाहेर जायचं नाही, एवढीच. त्याचे हात काढून घ्या असं काही राजा म्हणाला नव्हता. ते आपण काढून घेतले. दुष्टपणानं नव्हे रे, शिस्तीनं, नेमानं, रोज वेळेवर दार उघडून देऊन. आता महिनाभर आहे आपल्याजवळ. जे घेतलं ते परत करून धाडायला नको का?"

"पण मग मी काय करू? नुसता बघत राहू?"

"दार उघडून देशील, तर तो तुझा कैदी राहील. पाठ फिरवशील, तर तो कोणाचाच राहणार नाही. हात मागे बांध आणि जवळ उभा राहा. हेच ते काम. पाच महिने तू ज्या 'आणि'पाशी अडत होतास ना, तो 'आणि' हाच. भेग गवंडी बुजवील, आमटी आचारी घट्ट करील. हे मात्र तुझ्याशिवाय कोणी करणार नाही, कारण ह्यात काही केल्यासारखं दिसतच नाही."

त्या दिवसापासून धाकले साहेब रोज सकाळी त्या दारापाशी उभे राहू लागले. हात मागे बांधलेले, बोटे एकमेकांत घट्ट अडकवलेली. सातव्या दिवशी त्यांनी विचारले, "गेनू, मुलगी केवढी झाली असेल रे?"

"सतराची," गेनू जमिनीकडे पाहत म्हणाला. "दिवाळीला तिची आई आली की सांगते. पोर भाकरी लई पातळ थापते म्हनं."

अकराव्या दिवशी नेहमीप्रमाणे गेनू दारासमोर उभा होता. आचाऱ्यांची ओली फडकी आठवडाभर दारावर वाळत होती. त्यांच्या पाण्याने फळी फुगली होती आणि कोयंडा किंचित कलला होता. गेनूची नजर जमिनीवरून सरकत सरकत त्या कोयंड्यावर गेली. त्याच्या कपाळावर आठी चढली.

"ह्या आचाऱ्यांच्या..." तो पुटपुटला. "सागवानाची पार वाट लावली की राव!"

आणि सुताराचा हात पुढे गेला. मनाला न विचारता गेला. बोटांनी कोयंडा चाचपला, अंगठ्याने कडी वर ढकलली, तळव्याने फळी जोखली, आणि दार करकरत उघडले.

पंगतीतला घास पंगतीत थांबला. गेनू झटक्याने मागे सरला. थाळी हातातून खणकन पडली. त्याने दोन्ही हात जोडले. "चुकलं, साहेब! चुकलं!"

"काय चुकलं?" थोरल्या साहेबांनी विचारले.

"दार... माज्या हातनं दार उघडलं."

साहेबांनी उपरण्याने डोळे टिपले. मग वाकून थाळी उचलली, पुसली, त्याच्या हातात दिली. "हीच चूक उद्या परत कर," ते म्हणाले. "परवाही कर. जाशील त्या दिवसापर्यंत रोज कर."

धाकल्या साहेबांनी कोणाचे लक्ष नाही असे पाहून हात पुढे घेतले. नखांचे वण हातांवर उमटले होते.

योग असा, की गेनूची आणि थोरल्या साहेबांची मुदत एकाच दिवशी भरली. हवालदार म्हणाला, "चला, दोन सुटले." गेनूचे गाव साहेबांच्या गावाच्या वाटेवरच होते. तेव्हा दोघे मिळून निघाले आणि त्यांना पोचवायला नवे अधिकारी, म्हणजे धाकले साहेब, बरोबर चालू लागले. गेनूच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी होती.  गाव दिसू लागले तसा त्याचा वेग कमी कमी होत गेला.

घर गावाच्या टोकाला होते. सारवलेले अंगण, शेवग्याचे झाड, आणि दार लावलेले. आतून भाकरी थापल्याचा थपथप आवाज येत होता.

गेनू दारासमोर आला. आणि दारापासून एक हात दूर थांबला. टाचा जुळल्या. मान खाली गेली.

 धाकल्या साहेबांचा हात उठला. दोन पावले टाकून कडी वाजवली असती, तर संपलेच असते. त्यांनी उठलेला हात दुसऱ्या हाताने धरला, पाठीमागे नेला आणि गच्च बांधला. आत थपथप चालू होती. शेवग्याचे एक पान गळून पडले, ते जमिनीला लागेपर्यंत त्यांना एक ऋतू सरल्यासारखे वाटले.

तेवढ्यात त्यांच्या शेजारी आवाज झाला. थोरले साहेब घसा साफ करीत होते. एकतीस वर्षांची सवय! समोर बंद दार आले होते आणि साहेब खोकले. एकदा, दोनदा. रुबाबाने मान ताठ केली आणि वाट पाहू लागले.

गेनूने वळून त्यांच्याकडे पाहिले. प्रथम नवलाने, मग, लहान लेकराकडे पाहावे तसे.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "खोकून न्हाई उघडत ते. लोटावं लागतं."

आणि त्याने दार लोटले.

थपथप थांबली. "कोण?" एक कोवळा आवाज आला. मग काहीतरी पडल्याचे ऐकू आले, मग कोणाच्या तरी बांगड्या, मग एक शब्द, जो गेनूने चौदा वर्षांत ऐकला नव्हता. बाहेरच्या दोघांनी माना दुसरीकडे वळवल्या, आणि आपल्याला शेवग्याच्या शेंगांत फार रस आहे असे दाखवीत ते हळूहळू अंगणाबाहेर पडले.

पुढची वाट गुरुशिष्य दोघेच चालले. साहेबांचे घर आले. दार नुसते लोटलेले होते. उंबरठ्यावर पाचोळा साचला होता. साहेब अंगणात थांबले.

"आमची ही होती तोवर," ते म्हणाले, "मी खोकलो की ती आतून ओरडायची : आले, आले! हातांना काय मेंदी लावली आहे? आणि ओरडत ओरडत उघडायची. गेल्या वर्षी ती गेली. तेराव्यानंतर मी एकदा घरी आलो होतो. दुपारभर इथंच उभा होतो."

शिष्याने चमकून त्यांच्याकडे पाहिले. चार कोसांची वाट. लोटलेले दार. शेजारची बाई. नोंदवहीत न सापडणारे नाव.  "आबा," तो म्हणाला, "मी येऊ का आत?"

"नको. इथेच उभा राहा."

शिष्याने, न सांगता, हात मागे बांधले.

म्हातारा पुढे झाला. घसा साफ करण्यासाठी त्याचा हात तोंडाशी गेला, तिथून परत आला, आणि कितीतरी वेळ हवेत राहिला. मग सुरकुतलेली बोटे फळीवर टेकली. जुने दार. एका बाजूने अडखळले, मग उघडले. आतला काळोख आणि बंद घराचा वास बाहेर आला. साहेब उंबरठा ओलांडून आत गेले आणि त्यांनी मागे दार लोटून घेतले.

शिष्य उभा राहिला. आत पावले वाजली. एक खिडकी उघडल्याचा आवाज आला, मग दुसरी. मग केरसुणीची सळसळ. आणि मग, अगदी दारापाशी, खोकला. एकदा, दोनदा.

शिष्याचा हात विजेसारखा कडीकडे धावला.

"हात मागे!" आतून म्हातारा खदखदून हसला. "आणि जा आता. तुझे लोक जेवायला बसतील."

शिष्य हसत हसत, डोळे पुसत, चार कोस परत चालला. पटांगणातले ते दार त्याने चुलीत घातले नाही; फक्त त्यावर फडकी वाळत घालायला बंदी केली. ती कोंबडी मात्र अखेरपर्यंत वळसा घालूनच गेली. तिला कोणी कधी कोंडलेलेच नव्हते.

ज्यांच्या हातात दुसऱ्यांच्या दारांच्या किल्ल्या आहेत, त्यांनी अधूनमधून आपल्या हातांकडेही पाहावे.